वडिलांना घरी आणलंय : दुखणं, सलाईन, कोयता आणि आई

प्रश्न थोडक्यात असा आहे. केज तालुक्यातले वडील, पासष्टी ओलांडलेले, अन्ननलिकेचा कॅन्सर, यकृतापर्यंत पसरलेला. मुंबईच्या डॉक्टरांनी "आता घरी न्या, सेवा करा" म्हणून फाईल हातात दिली. विचारणारा धाकटा मुलगा चाकणला कंपनीत आहे. थोरला भाऊ आणि वहिनी ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन झालीय आणि निघायचा दसरा तोंडावर आलाय. बहीण परळीला दिलेली. वडील पातळ तेवढं गिळतात, रात्रभर कण्हतात, गावातले डॉक्टर रोज एक सुई देऊन जातात. आजाराचं नाव त्यांना कुणी सांगितलेलं नाही. आत्या म्हणते, सलाईन लावा, अंगात ताकद येईल. आई कितीतरी दिवस धड झोपलेली नाही. "आम्ही नेमकं काय करायचं?"

मी नर्स आहे. बीड, धाराशिव, लातूर या भागात अशा पेशंटच्या घरी जाऊन काळजी घेण्याचं काम करते. तुम्ही सलाईनबद्दल सगळ्यात जास्त लिहिलंय, पण मी सुरुवात दुखण्यापासून करणार. ते आटोक्यात आल्याशिवाय तुमचा बाकी एकही प्रश्न सुटायचा नाही. रात्रभर कण्हणाऱ्या माणसाशी जमिनीचं, देण्याघेण्याचं बोलता येत नाही, आणि त्याच्या उशाशी बसलेल्या बाईला झोप लागत नाही.

आधी अण्णांना, म्हणजे तुमच्या वडिलांनाच विचारा. एक ते दहा आकडे आपल्या म्हाताऱ्या माणसांना जमत नाहीत, पण आण्याचा हिशेब पक्का असतो. "अण्णा, सोळा आण्यांत किती आणे दुखायलंय?" म्हणलं की उत्तर लगेच येतं. "दिवसा आठ, रात्री चौदा." ते वहीत लिहा, वेळेसकट. डॉक्टरला "लई त्रास होतोय" सांगण्यापेक्षा ही वही दाखवा. औषधाचा डोस तिच्यावरून ठरतो.

रोजची सुई बहुतेक डायक्लोफिनॅक या नेहमीच्या वेदनाशामकाची असणार. चार-सहा तास बरं वाटतं, मग पुन्हा तेच. रोज घेत राहिलं तर पोटात जखमा होतात, किडनीवर ताण येतो, आणि मुळात या दुखण्याला ती पुरत नाही. कॅन्सरच्या तीव्र वेदनेचं औषध मॉर्फिन आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 1986 पासून ते सांगितलंय. गोळी स्वस्त आहे, तोंडाने घ्यायची आहे, सुई लागत नाही. गावातले डॉक्टर "ते आमच्याकडं नसतं" म्हणाले असतील तर खोटं बोलत नाहीत. 1985 च्या अंमली पदार्थांच्या कायद्यानंतर मॉर्फिन ठेवायला इतके परवाने लागू लागले की दवाखान्यांनी आणि मेडिकलवाल्यांनी नादच सोडला. 2014 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. आता राज्याच्या औषध प्रशासनाची मान्यता असलेली संस्था ते ठेवू शकते. म्हणून ते कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये शोधू नका, कॅन्सरच्या मोठ्या केंद्रात विचारा. तुम्हाला बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल जवळ पडेल, दुसरं छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कॅन्सर रुग्णालय. बीडच्या जिल्हा रुग्णालयातही पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे बरा न होणाऱ्या आजारात त्रास कमी ठेवणाऱ्या सेवेचं, नाव घेऊन चौकशी करा. आधी फोन करा: गोळी शिल्लक आहे का, पेशंटला आणावंच लागेल का, नातेवाईक फाईल घेऊन आला तर चालेल का. बायोप्सीचा रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड आणि आधार सोबत ठेवा. गाडीच्या हादऱ्यांनी अण्णांचे हाल करण्याआधी एक फोन करायला काय जातंय?

साधी मॉर्फिन गोळी चार तास काम करते, म्हणून ती दर चार तासांनी द्यायची असते. दुखायला लागल्यावर नाही, दुखायच्या आधी. बहुधा 5 किंवा 10 मिलिग्रॅमपासून सुरुवात होते, पण डोस डॉक्टरच ठरवतील. अण्णांना अख्खी गोळी गिळता येत नाही तर साधी गोळी बारीक करून चमचाभर पाण्यात देता येते. मात्र बारा तासांची लांब असराची गोळी कधीही फोडायची नाही, सगळं औषध एकदम अंगात जातं. पाकिटावर काय लिहिलंय ते विचारून घ्या. अजिबातच गिळता येईना झालं तर चामडीवर लावायचा फेंटानिलचा पॅच असतो, बहात्तर तास चालतो, पण महाग पडतो, आणि तो लावल्यावर त्या जागी शेकायचं नाही.

पहिले दोन-तीन दिवस अण्णा जास्त झोपतील. घरात लगेच कुजबुज होईल की गुंगीचं औषध देऊन म्हाताऱ्याला झोपवलं. अहो, महिनाभराची झोप राहिलीय त्यांची! पण उठवूनही जागे होत नाहीत, श्वास फार संथ झालाय असं दिसलं तर पुढचा डोस न देता आधी डॉक्टरला फोन करा. सवय लागेल, व्यसन लागेल ही भीती सोडा. दुखण्यासाठी ठरल्या डोसात घेणाऱ्याची गोष्ट वेगळी असते. खरी अडचण बद्धकोष्ठाची. मॉर्फिनसोबत पहिल्या दिवसापासून जुलाबाचं औषध हवंच, डॉक्टर लिहून देतील. इसबगोल देऊ नका. पाणी कमी पिणाऱ्याच्या पोटात त्याचा गोळा होतो, आणि अन्ननलिका आधीच अरुंद असलेल्या माणसाला तर ते धोक्याचंच.

आता सलाईन. आत्याचं म्हणणं मायेपोटी आहे, तिला गप्प बसवू नका. पण बाटलीत काय असतं ते तिला सांगा: पाणी, मीठ, थोडी साखर. ताकद त्यात नसते. शरीर आवरतं घेऊ लागलं की भूक जाते, तहान जाते. अण्णा खात नाहीत म्हणून आजार वाढत नाही, आजार वाढला म्हणून ते खात नाहीत. हे उलटं धरल्यामुळं घराघरात चमचा घेऊन जबरदस्ती चालते आणि पेशंट ठसकून ते छातीत जातं. शेवटच्या दिवसांत किडनी आणि हृदय पाणी पेलू शकत नाहीत. तुंबलेल्या रानात आणखी पाणी सोडावं तसं ते साचतं, पायावर सूज येते, छातीत घरघर वाढते. म्हणजे सलाईन कधीच नको असं नाही. उलट्या-जुलाबाने एकाएकी गळाठले असतील आणि कालपर्यंत बरे फिरत असतील तर एखादी बाटली उपयोगी पडते, ते डॉक्टरांना ठरवू द्या. नळीने अन्न द्यायचं का, हाही प्रश्न निघेल. माणूस हिंडता-फिरता आहे, फक्त गिळणं बंद झालंय, तेव्हा नळीचा फायदा होतो. दिवसातला बराच वेळ झोपून असलेल्या, यकृत गेलेल्या माणसाला फारसा नाही.

आत्याला दुसरं काम द्या, आणि ते खरंच महत्त्वाचं आहे. बोटाला स्वच्छ ओला कपडा गुंडाळून दर दोन तासांनी अण्णांचं तोंड आतून पुसायचं, ओठांना तूप लावायचं. कोरड्या तोंडाची तगमग अशी जाते, बाटलीने नाही. मागतील तेव्हा दोन चमचे ताक, पेज, आंब्याचा रस, जे आवडेल ते, बसवून, हनुवटी छातीकडं घेऊन. दोन चमच्यांनंतर मान फिरवली तर थांबायचं.

अण्णांना सांगायचं का? मुंबईच्या दवाखान्याच्या दारावरची पाटी त्यांनी वाचली नसेल असं तुम्हाला वाटतं? केस गेलेली माणसं रांगेत बघून आलेत ते. मला असे बरेच पेशंट भेटतात जे म्हणतात, "सिस्टर, मला समदं माहितीय, पण पोरांला सांगू नका, खचतील." पोरं बाहेर अंगणात मला तेच सांगून आलेली असतात. दोघं एकमेकांना सांभाळत बसतात आणि बोलायचं राहून जातं.

मी स्वतः होऊन आजाराचं नाव घेत नाही. विचारते. "अण्णा, तब्येतीचं तुम्हाला काय वाटायलंय?" आणि मग गप्प बसते. गप्प बसणं अवघड आहे, विशेषतः पुण्याहून आलेल्या मुलांना; त्यांना लगेच "काही होत नाही, बरे व्हाल" म्हणायची घाई असते. ते वाक्य आलं की अण्णा भिंतीकडं तोंड करतात आणि बोलणं संपतं. "आता काय खरं नाही" असं ते म्हणाले तर "असं का वाटतंय?" एवढंच विचारा. "कॅन्सर हाय का?" असं सरळ विचारलं तर खोटं बोलू नका. "हो अण्णा. गाठ मोठी आहे, काढता येणार नाही. पण दुखू देणार नाही, आणि आम्ही इथंच आहोत." त्यांना जाणून घ्यायचंच नसेल तर तेही बोलण्यातून कळतं, मग लादायचं नाही.

बहुतेक म्हाताऱ्यांना मरणापेक्षा मागचं पडलेलं असतं. सोसायटीचं कर्ज किती राहिलं, कुणाकडून हातउसने घेतले, बैल कुणाच्या दावणीला जाणार, नातीच्या लग्नाचं काय. ते बोलू द्या, तुमच्यापैकी एकाने लिहून घ्या, बँकेत वारसाचं नाव लागलंय का बघा. जमिनीचं काही लिहून ठेवायचं असेल तर आत्ता, ते शुद्धीत असताना, वकिलासमोर. शुद्ध हरपल्यावर कोऱ्या कागदावर अंगठा घेणारे भाऊबंद मी पाहिलेत. आणि दहाव्याच्या आत बहिणीपुढं हक्कसोडीचा कागद ठेवणारेही. तुमच्या घरात ते होऊ देऊ नका. 2005 पासून लेकीचा वाटा कायद्याने लेकाइतकाच आहे, आणि तिला तो सोडायचा असेल तर ती शांतपणे, वर्षाने सोडेल.

हेही विचारून ठेवा: तब्येत एकदम बिघडली तर दवाखान्यात न्यायचं की इथंच ठेवायचं? "मला आता कुठं नेऊ नका" म्हणाले तर घरातल्या सगळ्यांसमोर म्हणू द्या, नाहीतर शेवटच्या रात्री एखादा पाहुणा 108 ला फोन लावतो आणि अण्णा आयसीयूच्या दाराशी जातात. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केलाय, 2023 मध्ये शेवटी कुठले उपचार नकोत हे आधी लिहून ठेवायच्या इच्छापत्राची रीतही सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. घरी असलेल्या पेशंटला कागदापेक्षा घरच्यांचं एकमत जास्त कामाला येतं, पण कागद करून ठेवायलाही हरकत नाही.

कोयत्याचा, म्हणजे ऊसतोडीला जायचं की नाही हा प्रश्न तुम्ही शेवटच्या ओळीत, ओशाळल्यासारखा विचारलाय. ओशाळायचं कारण नाही. उचल घेतलेल्या घरात "किती दिवस?" हा पोटाचा प्रश्न असतो, आणि डॉक्टर त्याला बगल देतात. तारीख कुणीच देऊ शकत नाही. पण बदल कसा होतोय ते बघा. महिन्यामहिन्याला फरक पडत असेल तर हातात महिने आहेत. आठवड्या-आठवड्याला पडत असेल तर आठवडे. कालच्यापेक्षा आज वेगळं दिसत असेल तर दिवस. तुम्ही लिहिलंय की मागच्या सोमवारी ते अंगणात बसत होते, आता बाजेवरच असतात. मी हे आठवड्यांत धरेन. दिवाळीनंतरचा हिशेब यात बसवू नका.

तेव्हा मुकादमाशी आत्ताच बोला, फड सुरू झाल्यावर नाही. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता; भाऊ एकटा, अर्धा कोयता म्हणून जाऊ शकतो का, की जोडी पंधरा-वीस दिवस उशिरा पोचली तर चालेल? फिटायची राहील ती उचल पुढच्या हंगामात वळती करतात, त्याचं तोंडी नको, दोघांसमोर ठरवा. माझ्या मते वहिनींनी थांबावं. त्या गेल्या की आई एकटी पडते. एकट्या बाईने मोठ्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवणं होत नाही, आणि वळवलं नाही की माकडहाडावर जखम होते. आणि पैशाची झळ तुम्ही वाटून घ्या. चाकणचा पगार आणि कोयत्याची उचल यांत कुणी थांबायचं हा निर्णय फक्त थोरल्याच्या डोक्यावर नको.

भाऊ गेलाच तर निघण्याआधी त्याने अण्णांजवळ निवांत बसावं, जे बोलायचं ते बोलून घ्यावं, "येतो" म्हणून पायावर डोकं ठेवावं. कारखाना कर्नाटकात असेल तर पोचायला किती तास लागतील, मातीला त्याची वाट बघायची की नाही, हे आधी ठरवा. त्याला पोचता आलं नाही तरी भावकीत "लेक आला नाही" असं कुणी बोलू लागलं तर उत्तर तुम्ही द्यायचं.

आईला रात्रीची ड्यूटी बंद करा. तुम्ही आठ दिवस रजा काढा, रात्र तुमची. भेटायला येणारे सफरचंद आणि बिस्किटांचे पुडे आणतात, तासभर बसून "कसे होते आन् काय झाले" म्हणतात आणि आईलाच चहा करायला लावतात. त्यांना स्पष्ट सांगा: मावशी, दुपारी दोन ते चार तुम्ही बसा, आई झोपेल. माणसं आनंदाने करतात, सांगणारं कुणी नसतं. आईच्या बीपीच्या गोळ्या चालू आहेत ना, तेवढं बघा. सांभाळणारी बाई सगळ्यात आधी स्वतःच्या गोळ्या विसरते. गावच्या उपकेंद्रात, ज्याला आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात, तिथल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याच्या कामांत घरी पडून असलेल्या पेशंटची काळजीही येते. आशाताईंना बोलवा, जखम झाली असेल तर ड्रेसिंगसाठी त्यांनाच विचारा.

शेवटचे दोन-तीन दिवस कसे असतात ते कुणी सांगत नाही, म्हणून घाबरगुंडी उडते. झोप वाढते, हाक मारली तरी डोळे अर्धेच उघडतात. हातपाय गार पडतात, गुडघ्यांवर निळसर-जांभळी नक्षी येते, लघवी कमी आणि गडद होते. श्वास मध्येच थांबतो, आता गेले असं वाटतं, आणि पुन्हा भरभर सुरू होतो. घशात घरघर वाजते. ऐकणाऱ्याला ती भयंकर वाटते, पण अशा गुंगीत पेशंटला तिचा त्रास होतो असं दिसत नाही. कुशीवर वळवा, डोकं थोडं उंच ठेवा. दम लागत असेल तर तोंडासमोर पंखा, खिडकी उघडी, भोवतीची गर्दी कमी. गंगेचं पाणी आणि तुळशीचं पान ठेवायचं तर ओठ ओले होतील इतकंच, वाटीने ओतायचं नाही. खाली घ्यायची रीत तुमच्याकडं असेल तर अंथरुणासकट, चार जणांनी, सावकाश घ्या; आणि "घ्या घ्या" म्हणून एक दिवस आधीच गार फरशीवर टाकू नका. कान शेवटपर्यंत ऐकत असावेत असं धरून वागा. त्यांच्या उशाशी दिवसकार्याच्या खर्चाची चर्चा नको. माळकरी आहेत, तर भजन चालू द्या.

गेल्यावर धावपळ करू नका. आजार माहीत असलेला, घरी झालेला मृत्यू आहे, पोलिसांचा संबंध नाही. दवाखान्याची फाईल जपून ठेवा, ग्रामपंचायतीत 21 दिवसांच्या आत नोंद करा. दाखल्याच्या चार-पाच प्रती घ्या. बँक, तलाठी, विमा, सगळीकडं लागतात.

आईचं कुंकू, बांगड्या, मंगळसूत्र. हे तुम्ही विचारलं नाही, पण ते येणारच, आणि ते आल्यावर ठरवायला वेळ नसतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, त्याच महिन्यात राज्य सरकारने बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन करणारं परिपत्रक काढलं. पण तुमच्या अंगणात चार म्हाताऱ्या पुढं होतील तेव्हा परिपत्रक कुणी वाचून दाखवणार नाही. बहिणीने आईला आधी एकटीला विचारून ठेवावं, तिला काय हवंय. तिला नको असेल तर त्या क्षणी तिघं भावंडं तिच्या बाजूला उभी राहा.

तेरावा झाला, गोड जेवण झालं, की घर रिकामं होतं. भाऊ-वहिनी फडावर, तुम्ही चाकणला, आणि आईजवळ भावाची लेकरं. सगळ्यात जड दिवस हे असतात. पहिले काही महिने रडणं, झोप न लागणं, ताट वाढताना एक जास्त वाढलं जाणं, यात आजार काही नाही. रोज ठरल्या वेळी फोन करा आणि "जेवलीस का?" यापुढं जाऊन अण्णांचं नाव काढा, माणसं नाव टाळतात आणि तिला वाटतं सगळे विसरले. लेकरांना "आजोबा झोपलेत" किंवा "गावाला गेलेत" सांगू नका, मग ती झोपायला घाबरतात नाहीतर वाट बघत बसतात. "आजोबांचं शरीर फार आजारी होतं, ते मेले, आता परत येणार नाहीत, आणि यात तुझी काही चूक नव्हती." एवढं पाच वर्षांच्या लेकराला पुरतं, पुन्हा पुन्हा सांगावं लागतं इतकंच.

आई "मला पण न्यायचं होतं" म्हणाली तर ते पुष्कळ बाया म्हणतात. पण घाबरून विषय बदलू नका, सरळ विचारा: "जीव द्यायचं मनात येतंय का?" विचारल्याने ते डोक्यात भरत नाही. हो म्हणाली, किंवा सहा महिने उलटूनही ती उठत नाही, खात नाही, कुणात मिसळत नाही असं दिसलं तर मानसोपचाराच्या डॉक्टरला दाखवा. अंबाजोगाईच्या शासकीय मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात विचारा, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा फोन चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. तिला विचारायची वेळ येवो न येवो, फवारणीचे डबे घरातून उचलून बंद खोलीत कुलपात ठेवा. शेतकऱ्याच्या घरात दुःखाइतकाच हाताशी असलेला डबाही घात करतो.

उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या आणि पॅच कुणाच्या पाठदुखीला देऊ नका. दुसऱ्याला त्यातली एखादी गोळीसुद्धा जड पडू शकते. मोजून, पाकिटासकट, जिथून आणल्या त्या केंद्राला परत नेऊन द्या.